फाइल छोटी, रखडपट्टी मोठी

फायनल इयरचा प्रोजेक्ट. लॅबमधले तीन पीसी जोडून तुम्ही स्वतःचं छोटं ‘क्लाउड’ उभं केलंय. दोन जीबीचा व्हिडिओ टाकून पाहिला, झटकन गेला. आता सेन्सरच्या एक लाख फाइल्स चढवायच्यात. प्रत्येकी ४ केबी, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम ४०० एमबी. चहा पिऊन येईपर्यंत होईल, असं वाटतं. चहा होतो, वडापाव होतो, अपलोड अजून अर्ध्यावरही नाही. उद्या एक्स्टर्नल येणार. तेवढ्यात ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, ‘अरे, तीन कॉपी कशाला हव्यात? एकच ठेव, पळेल बघ!’

थांबा. तो बदल करण्याआधी वेळ नेमका कुठे जातोय ते बघू.

अशा प्रोजेक्टमध्ये बऱ्याचदा ‘सेफ’ ही ओपन सोर्स यंत्रणा वापरतात. नाव तिजोरीवरून नाही, ऑक्टोपसच्या कुळावरून, म्हणजे सेफॅलोपॉडवरून आलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये सेज वाइलने पीएचडीच्या कामातून ती घडवली. तिचा साधा नियम असा : फाइल आधी एका डिस्ककडे जाते, ती डिस्क दुसऱ्या दोघींना कॉपी पाठवते आणि तिघींवर पक्की नोंद झाल्यावरच तुम्हाला ‘झालं’ असा निरोप येतो.

सबमिशनचा दिवस आठवा. जर्नलवर तीन सरांच्या सह्या हव्यात. पूर्ण जर्नल एकदम नेलं तर तीन केबिन फिरून काम संपतं. पण एकेक पान घेऊन गेलात तर? सही करायला दोन सेकंद, जिने चढण्यात दिवस. छोट्या फाइल्सचं अगदी हेच होतं. गिगाबिट केबलवरून ४ केबी जायला मिलिसेकंदाचा तिसावा भाग पुरतो. पण मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कची एकच फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. त्यात नोंदी, तीन ठिकाणचं लिहिणं, निरोपाची ये-जा. एका फाइलला सगळं मिळून ३० मिलिसेकंद धरा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आता त्याला एक लाखाने गुणा : ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं!

मग करायचं काय?

आधी बरोबर मोजा. ‘सेफ’सोबत येणारी ‘राडोस बेंच’ चाचणी काही न सांगता चालवली, तर ४ एमबीचे तुकडे एका वेळी १६ पाठवते. आकडे झकास येतात, पण ते तुमच्या कामाचे नाहीत. आकार ४ केबी करा, एका वेळी एकच पाठवा आणि एमबीपेक्षा एका फाइलला किती मिलिसेकंद लागले ते बघा.

मग डिस्क तपासा. पीसीतली साधी एसएसडी जाहिरातीत सुसाट असते. पण ‘पक्कं लिहून मगच सांग’ म्हटलं की तिला दरवेळी डेटा खरोखर चिपवर उतरवावा लागतो आणि ती दमते. सर्व्हरच्या अनेक एसएसडींमध्ये कपॅसिटर असतात. लाइट गेली तरी हातातलं काम उतरवण्यापुरती वीज त्यात असते, म्हणून ती लगेच ‘झालं’ म्हणू शकते. ‘एफआयओ’ या टूलने हा फरक दिसतो. फक्त ही चाचणी रिकाम्या डिस्कवर घ्या, नाहीतर असलेला डेटाच पुसून बसाल. तिन्ही पीसी वाय-फायवर असतील, तर आधी केबल लावा.

यानंतर कोड बघा. तुमचा प्रोग्रॅम एक फाइल पाठवून निरोपाची वाट बघत बसतो का? एका वेळी १६ पाठवून पाहा. एकेक फाइल लवकर पोचणार नाही, पण डिस्कचा दम संपेपर्यंत एकूण वेळ घटत जाईल.

सगळ्यात मोठा फायदा मात्र गठ्ठा बांधण्यात आहे. हजार-हजार फाइल्सची एक मोठी फाइल करा आणि कोणती कुठे आहे याची यादी ठेवा. फेसबुकने फोटोंसाठी ‘हेस्टॅक’ बनवलं तेव्हा हाच मार्ग घेतला. २०१०च्या त्यांच्या शोधनिबंधात २६० अब्ज इमेजचा उल्लेख आहे. असंख्य फोटो मोठमोठ्या फाइल्समध्ये एकापुढे एक आणि कोणता कुठे याची यादी मेमरीत. एक लाखाच्या जागी शंभर गठ्ठे झाले, तर तीन केबिनच्या फेऱ्याही शंभरच.

आता त्या ‘एकच कॉपी ठेव’कडे परत येऊ. वेग थोडा वाढेलही. पण प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री एक जुनी डिस्क गेली, तर तिच्यावरचा सेमिस्टरभराचा डेटा गेला. दुसरीकडे कुठे तो नसेलच. पक्क्या नोंदीची अट काढलीत, तर एवढं नुकसान करायला नुसती लाइट जाणंही पुरेल.

त्यामुळे कॉपी तीनच राहू द्या. आज रात्री फाइल्सचे गठ्ठे बांधा, आधीचे आणि नंतरचे मिलिसेकंद लिहून ठेवा आणि तो तक्ता रिपोर्टमध्ये टाका. उद्या एक्स्टर्नलने विचारलंच, ‘हे स्लो का होतं?’, तर तुमच्याकडे आकड्यांसकट उत्तर असेल.