पर्यायी विमानतळाची निवड

जानेवारीतील एखाद्या पहाटे बंगळूरच्या बनशंकरी भागातील रस्त्यांवरचे दिवे धुक्यात अंधुक होतात, तेव्हा पुण्याहून निघावयाच्या विमानाच्या योजनेत एका दुसऱ्याच गावाचे महत्त्व वाढते. शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळ २००८ साली सुरू झालेल्या केंपेगौडा विमानतळावरही असेच धुके पसरते. सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला लागून असलेली दमट हवा निवते आणि उजाडण्याच्या सुमारास धावपट्टी दिसेनाशी होते.

अशा वेळी कोठे जावे हे आकाशात गेल्यावर ठरवून चालत नाही. पर्यायी विमानतळ उड्डाणापूर्वीच नेमावा लागतो. तो जवळचा असावा, असे प्रथम वाटते. परंतु फार जवळचा पर्याय हा पुष्कळदा पर्यायच नसतो. शहरातील जुना एचएएल विमानतळ अगदी शेजारचा खरा, पण एकच धुके दोघांनाही झाकू शकते. चेन्नई सुमारे २७० किलोमीटर पूर्वेस, समुद्रकाठी आहे. तेथील हवा निराळी, म्हणून ती उपयोगी पडते. मात्र तीही सर्वकाळ नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टीने चेन्नईच्या विमानतळावरच पाणी भरले व तो काही दिवस बंद राहिला. अशा वेळी हैदराबादचा विचार करणे भाग पडते. विमान पोहोचेल त्या घटकेचे हवामान, धावपट्टीची लांबी, अग्निशमनाची सोय, विमानतळ उघडा असण्याची वेळ, हे सारे पाहावे लागते.

या निवडीची किंमत इंधनात मोजतात. प्रवासाचे इंधन, अनपेक्षित विलंबासाठी थोडे अधिक, पर्यायी स्थळापर्यंतचे, आणि त्याउपर जेट विमानास तेथे ४५० मीटर उंचीवर तीस मिनिटे घिरट्या घालता येतील इतका अखेरचा साठा. वाटेल तितके इंधन भरावे म्हटले, तर त्याच्या वजनापायी आणखी इंधन जळते.

ऑगस्ट २०१५ मध्ये दोहाहून कोचीस आलेल्या एका बोइंग ७३७ विमानास तेथील धूसर हवेत तीन वेळा उतरता आले नाही. ते तिरुवनंतपुरमकडे वळले. पण तेथेही दृश्यमानता खालावलेली होती. आता तिसरीकडे जाण्याइतके इंधन उरले नव्हते. तेथील चौथ्या प्रयत्नात विमान सुखरूप टेकले, तेव्हा टाक्यांत सुमारे ३५० किलोग्रॅम इंधन होते. अखेरच्या राखीव साठ्याच्या ते निम्मेही नव्हते.