विश्लेषण : भावी शिक्षकाला सर्जनशीलता सापडते कुठे? धाराशिवची माती, पळस आणि खव्याची भट्टी काय शिकवते?

उद्या पाठ असला की आदल्या रात्री कार्डशीट, स्केचपेन आणि चकाकीचा पसारा मांडला जातो. डी.एल.एड. करणाऱ्या बहुतेकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. सकाळी फळ्याशेजारी सुंदर तक्ता लागतो, निरीक्षक शेरा देतात आणि पाठ संपला की तक्ता कपाटावर जातो. याला सर्जनशीलता म्हणायचे का? आणि नसेल, तर धाराशिवसारख्या जिल्ह्यात शिक्षक होऊ पाहणाऱ्याने ती शोधायची कुठे?

प्रशिक्षणात कलेला स्थान आहे का?

कागदावर नक्कीच आहे. बारावीनंतरचा डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ‘कला समेकित’ अध्यापनावर भर आहे. म्हणजे चित्रकलेचा तास वेगळा न ठेवता गणित, विज्ञान, भाषा हे विषयच चित्र, नाट्य, संगीत यांच्या आधारे शिकवायचे. इयत्ता सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शाळेची शिफारसही याच धोरणात आहे. राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही आला.

मग अडचण कुठे येते?

अडचण मोजमापाची आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० बहुपर्यायी प्रश्न असतात. भरतीसाठीच्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत १२० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. नोकरी या गुणांवर ठरते. त्यामुळे छात्राध्यापकाचा जीव सराव संचांत अडकतो आणि पाठ टाचण ‘मागच्या बॅचची वही’ समोर ठेवून उतरवले जाते. आजूबाजूला पाहण्याची सवय लागायची ती याच दोन वर्षांत, आणि नेमकी तीच राहून जाते.

तेरचे संग्रहालय काय सांगते?

तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासग्रंथात व्यापारी नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाला रामलिंगअप्पा लामतुरे यांचे नाव आहे. गावातच राहणाऱ्या लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती अशा वस्तूंतून ते उभे राहिले. इतरांना जी खापरे वाटली, त्यांत त्यांना इतिहास दिसला. शिक्षकाला लागणारी नजर ती हीच.

तेरच्या प्राचीन मंदिरांतील विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. साधी वीट तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जड असते, म्हणून बुडते. पण मातीत भुसा कालवून ती भाजली, तर भुसा जळतो, आत पोकळ्या राहतात आणि वजन घटते. घनतेची व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडून भुसा कमी-जास्त घातलेल्या चार वड्या करून घेतल्या, गावातल्या वीटभट्टीत भाजून आणल्या आणि बादलीत सोडल्या तर? एकही तरंगली नाही, तरी ‘का नाही?’ हा प्रश्न उरतो. पाठ तिथूनच सुरू होतो.

संत गोरा कुंभार याच तेरचे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवल्याची कथा घरोघरी माहीत आहे. बाजारात माठ घेताना आपणही टिचकी मारून आवाज ऐकतो. तडा गेलेला माठ बद्द वाजतो, अखंड माठ खणखणीत. संबळाच्या जोडीतील एक वाद्य बारीक बोलते आणि दुसरे घुमते, ते का? ध्वनीचा पाठ शिकवायला तुळजापूरच्या परिसरात यापेक्षा वेगळे साहित्य कशाला हवे?

निसर्ग आणि रोजचे जगणे वर्गात कसे आणायचे?

फेब्रुवारी-मार्चमध्ये येडशीच्या रामलिंग घाट परिसरात फिरले की पळस फुललेला दिसतो. खाली पडलेली फुले गोळा करून उकळली की पिवळसर केशरी रंग मिळतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंगाची छटा बदलते. चित्रकलेचा रंगही झाला आणि आम्ल-आम्लारीची पहिली ओळखही. शिवाय पाने झडलेली असताना फुले का येतात, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

भूम परिसरातील खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचा पेढा जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. मग बाकीचे गेले कुठे? या एका प्रश्नात बाष्पीभवन आहे, गुणोत्तर आहे आणि नफा-तोट्याचे उदाहरणही आहे. ज्या मुलाचे वडील भट्टीवर काम करतात, तो त्या तासाला गुरुजींपेक्षा जास्त जाणतो. एरवी मागच्या बाकावर बसणारे पोर त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगते.

हे महाराष्ट्रात आधी कोणी केले आहे का?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने घडवली आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात नेली. सर्जनशीलता तिथे हौस म्हणून आली नाही, गरजेतून आली.

लहान शाळेत याने फरक काय पडतो?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पाच वर्ग आणि दोनच माणसे. तिथे एका इयत्तेचा तक्ता लावून भागत नाही. मातीच्या वड्या मात्र सगळ्या इयत्तांना पुरतात : पहिलीतली मुले मोजतात, तिसरीतली वजन करतात, पाचवीतली नोंदी लिहितात. खर्च जवळपास शून्य. जिल्हा परिषदेच्या वाडी-वस्तीवरील शाळेत रुजू होणाऱ्या तरुण शिक्षकाला ही युक्ती पहिल्याच आठवड्यात लागते.

छात्राध्यापकाने सुरुवात कुठून करावी?

एक साधी वही पुरेशी आहे. शाळेला येता-जाता रोज एक गोष्ट टिपायची आणि तिच्याखाली मुलांना विचारता येईल असा एक प्रश्न लिहायचा. एसटीच्या थांब्यावर, बाजारात, शेताच्या बांधावर, जिथे सुचेल तिथे. २० आठवड्यांत शंभरेक प्रश्न जमतात. अध्यापक विद्यालयांनी अंतर्गत गुण देताना तक्त्याच्या सजावटीबरोबर ही वहीही पाहिली, तर ती भरली जाईल. भरती परीक्षेत या वहीला गुण नाहीत. पण नोकरी लागल्यावर, समोर पाच इयत्ता आणि हातात एक खडू असताना, उपयोगी पडणार ती हीच वही.