इजा एका डोळ्याला, धोका दोन्ही डोळ्यांना

अंधांसाठी ठिपक्यांची लिपी निर्माण करणाऱ्या लुई ब्रेलचे नाव आपण ऐकले असेलच. तो जन्मांध नव्हता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पॅरिसजवळच्या कूव्रे गावी १८०९ साली तो जन्मला. वडील खोगिरे बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत असता चामड्याला भोके पाडण्याची आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. पाचव्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या डोळ्याला तर काहीच लागले नव्हते!

हा 'अनुकंपी नेत्रदाह' असावा, असे आज सामान्यतः मानले जाते. ग्लासगोचे नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी १८४० मध्ये त्याचे वर्णन केले. नाव हळुवार आहे. रोग तसा नाही.

रक्तातील श्वेतपेशी हे शरीराचे पहारेकरी. परंतु नेत्रगोलाच्या आत त्यांना मुक्त प्रवेश नसतो. दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. पटलामागे रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एकेरी थर ही दुसरी भिंत. हा बंदोबस्त योग्यच होय. बोटावरची सूज ओसरते व बोट पूर्ववत होते. दृष्टिपटलाच्या नष्ट झालेल्या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत.

पण या एकांतामुळेच डोळ्यातील काही प्रथिनांशी पहारेकऱ्यांची पुरती ओळख होत नाही. खोल जखमेतून ती बाहेर पडून लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली, की तेथील पेशी त्यांना परकी समजू शकतात. मग त्या पेशी संख्येने वाढतात, रक्तावाटे निरोगी डोळ्यातही जातात आणि तेथे स्रवणाऱ्या द्रव्यांनी भिंतीचे सांधे सैल करतात. वाट उघडताच मागून आणखी पेशी शिरतात.

हा विकार दुर्मिळ आहे. तो बहुधा इजेनंतर दोन आठवडे ते तीन महिन्यांत प्रकटतो, क्वचित अनेक वर्षांनीही. पूर्वी निकामी झालेला डोळा दोन आठवड्यांच्या आत काढून टाकीत. आज शक्य तेथे जखम त्वरित शिवून डोळा राखण्याकडे कल असतो. आणि दाह उद्भवलाच तर स्टेरॉइड व श्वेतपेशींना आवर घालणारी इतर औषधे वेळीच दिल्यास पुष्कळांची दृष्टी टिकते.

घरातील मुलाच्या डोळ्यात विटी, फटाक्याचा तुकडा किंवा खेळातला बाण घुसल्यास डोळा चोळू वा दाबू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. जखम भरल्यानंतरही दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवावे. उजेड सोसेनासा झाला, लाली आली किंवा जवळची अक्षरे पुसट दिसू लागली, तर जुन्या इजेची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी, मग तिला कितीही वर्षे लोटलेली असोत.