ध्वनिरोधक भिंतींची परीक्षा

आगगाडीच्या मार्गाशेजारीं ज्यांचें घर आहे त्यांना गाड्यांचें वेळापत्रक पाठ करावें लागत नाहीं. रात्रीं दोन वाजतां जाणारी मालगाडी त्यांना झोपेंतून उठवून तें सांगत असते. हा त्रास कमी व्हावा म्हणून युरोपांत व जपानांत रुळांच्या कडेनें लांबच लांब भिंती उभारलेल्या आहेत. मुंबई-अहमदाबाद जलदगति मार्गाच्या पुलांवरहि रुळांपासून २ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या ध्वनिरोधक फळ्या योजिल्या आहेत. अशा कामाचा खर्च लहान नसतो. तेव्हां, श्रोतेहो, भिंत उभी राहिल्यावर ती खरोखर आवाज अडविते काय, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

प्रश्न एकच दिसतो. पण त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. पहिला रहिवाशाचा : माझ्या खिडकीपाशीं आवाज किती कमी झाला? दुसरा इंजिनियराचा : ही भिंत, एक वस्तु म्हणून, चांगली आहे कीं नाहीं? दोहोंचीं उत्तरें निरनिराळीं येऊं शकतात. भिंत निर्दोष असूनहि ठेंगणी असेल, तर ध्वनि तिच्या माथ्यावरून वळून पलीकडे उतरतो. माथ्यावरून जातांना ध्वनीला जितका अधिक वळसा पडेल व त्याची तरंगलांबी जितकी आखूड असेल, तितकी घट अधिक होते. म्हणूनच चाकांची कर्कश किंकाळी भिंतीमागें मंदावते, पण मालगाडीचा घोगरा गडगडाट बराचसा पलीकडे पोंचतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटतें. भिंतीपूर्वीं मोजावें, भिंतीनंतर मोजावें, आणि वजाबाकी करावी. परंतु मधल्या काळांत रूळ घासून गुळगुळीत केले असतील, किंवा नव्या गाड्या आल्या असतील, तर आवाज त्यामुळेंच उतरेल आणि श्रेय मात्र भिंतीला मिळेल. यावर उपाय असा कीं, भिंतीच्या माथ्याहून पुरेशा उंचीवर, जेथें भिंतीचा परिणाम पोंचत नाहीं अशा जागीं, एक ध्वनिग्राहक संदर्भासाठीं ठेवावयाचा. मूळ आवाजच बदलला असेल तर तो तेथें कळतो व तेवढा हिशेबांतून वगळतां येतो. वाऱ्याचीहि दखल घ्यावी लागते. गाडीकडून घराकडे वाहणारा वारा ध्वनीला खालीं वांकवितो आणि भिंतीचा गुण कमी भासूं लागतो. शिवाय एका गाडीवरून निर्णय होत नसतो. जपाननें १९७५ सालीं शिंकान्सेन गाड्यांसाठीं जें मानक ठरविलें, त्यांत लागोपाठ २० गाड्यांचे उच्चतम आवाज मोजून त्यांतील मोठ्या निम्म्यांची सरासरी घेण्यास सांगितलें आहे. मुख्यतः निवासी भागासाठीं मर्यादा ७० डेसिबेलची आहे.

आतां दुसरा प्रश्न. फळीची परीक्षा प्रयोगशाळेंत झालेली असते. पण तेथें ध्वनि बंद खोलींत सर्व बाजूंनीं आदळतो, आणि नमुना नवा व काळजीनें बसविलेला असतो. मार्गावर खांब, सांधे, रबरी पट्ट्या आणि मजुरांची घाई या सर्वांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून युरोपांत उभ्या भिंतीचीच परीक्षा घेण्याची पद्धति सिद्ध झाली आहे.

भिंतीपासून दीड मीटरवर एक ध्वनिवर्धक ठेवितात. भिंतीच्या अगदीं जवळ, २५ सेंटिमीटरवर, तीन ओळींत तीन-तीन असे ९ ध्वनिग्राहक एका चौकटींत बसवितात. ध्वनिवर्धकांतून ठराविक संकेत सोडतात. नोंदींवरून गणितानें असा निष्कर्ष काढितात, कीं जणूं एकच टाळी वाजवून तिचा प्रतिध्वनि ऐकला. ध्वनि एका मिलिसेकंदांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. सरळ आलेला ध्वनि प्रथम पोंचतो. भिंतीवरून परतलेला अर्धा मीटर अधिक चालून दीड मिलिसेकंदानें येतो. जमिनीवरून व कडांवरून येणारा त्याहून उशीरा. मोकळ्या जागेंत त्याच मांडणीनें घेतलेली नोंद वजा केली म्हणजे सरळ ध्वनि नाहींसा होतो, आणि वेळेची खिडकी योग्य क्षणीं बंद केली म्हणजे उशीरा येणारे पाहुणे बाहेर राहतात. उरतो तो केवळ भिंतीचा जबाब. ध्वनिग्राहक भिंतीमागें नेले कीं आरपार किती गेलें तेंहि असेंच समजतें. या रीतीला मर्यादा आहे : ४ मीटर उंचीच्या भिंतीवर सुमारें २०० हर्ट्झच्या खालचा ध्वनि तिनें विश्वासानें मोजतां येत नाहीं.

परत येणारा ध्वनि मोजण्याचें आगगाडीच्या बाबतींत विशेष कारण आहे. डब्याची बाजू आणि भिंत समोरासमोर येतात; भिंत ध्वनि शोषून घेणारी नसेल तर तो दोहोंमध्यें टोलवला जाऊन अखेर माथ्यावरून निसटतो.

फळीच्या मध्यावर व खांबाच्या सांध्यापाशीं परीक्षा वेगवेगळी करितात, कारण घात तेथेंच होतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ध्वनीच्या शक्तीचा सुमारें शंभरावा भाग पलीकडे जातो. मग काँक्रीट कितीहि जाड असो, तिचा अडथळा २० डेसिबेलांहून फारसा वर जात नाहीं.

म्हणून कोणी एकच आंकडा पुढें केला, तर तो फळीचा आहे कीं खिडकीपाशींचा, सांध्याचा आहे कीं मध्याचा, आणि भिंत नवी असतांना घेतलेला आहे कीं रबर वाळून गेल्यावर, हें विचारावें. कागदावरची भिंत आणि मार्गावरची भिंत यांत जें अंतर असतें, त्यांतूनच गाडीचा आवाज घरांत शिरतो.