दुधावाचून स्वयंपाक

दूध, दही, लोणी, तूप यांपैकी काहीही न वापरता करावयाच्या पदार्थांची पुस्तके आता मराठी घरांतही दिसू लागली आहेत. कोणाला दूध पचत नाही, कोणाला गोठ्यातील जनावरांचे हाल पाहवत नाहीत, तर कोठे घरातील कन्येने एके दिवशी दूध सोडल्याचे जाहीर केलेले असते. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग सोयाबीनच्या दुधाचा उग्र वास चहात उतरतो, दही विरजत नाही, लाडू ताटात बसकण मारतात; आणि पुस्तक फळीवर चढते. दोष बहुधा पुस्तकाचा नसतो, सुगरणीचाही नसतो. एका जिनसेच्या जागी दुसरी योजताना, पहिली तेथे कोणते काम करीत होती हे पाहावयाचे राहून गेलेले असते.

सोयाबीनचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या दाण्यात तेल असते आणि त्या तेलावर क्रिया करणारे एक एन्झाइमही असते. दाणा अखंड असेपर्यंत दोहोंची गाठ पडत नाही. थंड पाण्यात वाटताच ती पडते, हवेतील प्राणवायूचे साहाय्य मिळते, आणि तो नकोसा वास उत्पन्न होतो. उष्णतेने हे एन्झाइम निकामी होते. म्हणून रात्रभर भिजविलेले दाणे चोळून साले काढावी, उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवावे आणि कढत पाण्यातच वाटावे. एक वाटी दाण्यांस सहा-सात वाट्या पाणी पुरते. फडक्यातून गाळलेले हे दूध चुलीवर ठेवताच फेसाळून वर येते, आणि उकळी आली असे समजून पुष्कळ जणी ते उतरवितात. तो नुसता फेस असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते निष्प्रभ होण्यासाठी खरी उकळी आल्यावर आणखी पंधरा मिनिटे तरी दूध ढवळत राहावे लागते. फडक्यातला चोथा टाकावयाचे कारण नाही. थालीपिठात तो छान खपतो, मात्र थालीपीठ आतपर्यंत भाजले गेले पाहिजे.

दह्याची अडचण निराळी. विरजणातील जंतू दुधातील दुग्धशर्करेवर पोसले जातात, आणि सोयाबीनच्या दुधात ती शर्करा मुळी नसतेच. त्यात ज्या शर्करा असतात त्या यांतील सर्वच जंतूंना वापरता येत नाहीत. दूध कोमट असतानाच थोडी साखर विरघळवून घेतली, तर पुष्कळदा काम भागते. पहिले विरजण तरी दुधाचे नसलेले कोठून आणावे, हा प्रश्न उरतो. त्यावर स्वयंपाकघरातीलच एक तोड आहे: कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची पाच-सहा देठे टाकून भांडे उबेला ठेवावे. देठांवर वावरणारे जंतू दूध आंबवितात. हे पहिले दही खाण्याजोगे क्वचितच होते. ते पुढच्या विरजणापुरतेच ठेवावे. शेंगदाण्याच्या दुधाचेही असेच दही लागते.

बेसनाच्या लाडवात तूप केवळ स्वादासाठी नसते. निवल्यावर ते थिजते आणि लाडवाला आकार देते. शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, म्हणून लाडू ढासळतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते. त्यामुळे खाण्याच्या खोबरेल तेलातले लाडू पुण्याच्या थंडीत ऐटीत उभे राहतात, आणि मुंबईच्या मे महिन्यात पुन्हा तीच फजिती करतात. तुपाचा सुगंध त्यांना नसतो, आणि तो असल्याचा आग्रह पुस्तकानेही धरू नये.

वास्तविक ज्या पदार्थांत दूध कधी नव्हतेच, तेथे बदलावयाचे काहीच नसते. सोलकढी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, पिठले, उसळी, तिळाची चटणी हे सारे असेच. नव्या पुस्तकाचा आरंभ बनावट पनीरपासून करण्याऐवजी येथून केला, तर घरातील वडील मंडळीही कुरकुर करणार नाहीत.

परंतु चवीच्या प्रश्नापेक्षा एक प्रश्न गंभीर आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, दूध सोडले. १९१८ मध्ये ते भयंकर आजारी पडले, तेव्हा कोणी मुगाचे पाणी सुचविले, कोणी मोहाचे तेल, कोणी बदामाचे दूध. हे सर्व करून पाहिले, तरी शक्ती परतेना. अखेर १९१९ मध्ये कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि ही तडजोड त्यांच्या मनाला पुढेही डाचत राहिली. इंग्लंडात १९४४ साली दूधही वर्ज्य मानणाऱ्यांनी आपली स्वतंत्र संस्था, व्हेगन सोसायटी, स्थापिली. त्या काळी ब-१२ जीवनसत्त्व कोणी वेगळे काढलेले नव्हते. ते १९४८ साली साधले.

हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू निर्माण करतात. वनस्पतींपासून ते भरवशाने मिळत नाही, आणि शाकाहारी घरांत त्याचा मुख्य आधार दूध-दही हाच असतो. यकृतात त्याचा साठा बराच काळ पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर वर्ष-दोन वर्षे काहीच बिघडल्याचे जाणवत नाही. मग थकवा, फिकेपणा, हातापायांस मुंग्या, विसराळूपणा अशी लक्षणे दिसू लागतात. मज्जातंतूंची हानी फार दिवस चालली, तर ती पुरती भरून येईलच असे नाही. कोणतीही पाककृती ही उणीव भरून काढीत नाही. ब-१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ नियमाने घ्यावे लागतात. किती घ्यावयाचे ते वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. चुन्याच्या अंशासाठी नाचणी व तीळ घरात असतातच. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ब-१२ च्या बाबतीत दिरंगाई मुळीच करू नये, कारण त्यांच्यातील कमतरता बाळाच्या वाढत्या मेंदूस बाधते. घरी केलेले सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध एक वर्षाच्या आतील मुलास आईच्या दुधाऐवजी देऊ नये.