गोबर गॅसचा हिशेब गोठ्यातून सुरू होतो
चूल आणि इंधन : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण दीनबंधू पद्धतीच्या गोबर गॅस टाकीच्या घुमटाची बांधणी पाहिली. आज पैशांकडे वळू. हुबळी-धारवाडच्या आसपासच्या शेतकऱ्याने गोबर गॅस बांधला, तर त्याच्या हाती काय पडतं?

हवामान त्याच्या बाजूचं आहे. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंड डोंगराळ प्रदेशात शेणकाला टाकीत ५५ दिवस राहू द्यावा लागतो. कर्नाटक, महाराष्ट्र, गोव्यासाठी ३० दिवस पुरेसे धरतात. म्हणजे तेवढ्याच शेणाला टाकी जवळपास निम्मी लागते, आणि विटा-सिमेंटचा खर्चही उतरतो.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एका जनावराचं दहा किलो धरलं तर पाच जनावरं हवीत, आणि तीही दावणीला बांधलेली. चरायला सोडलेल्या गुरांचं निम्मं शेण रानातच पडतं. कलघटगी, अळणावरकडे पाणी मिळेल. नवलगुंदच्या काळ्या रानात उन्हाळ्यात रोज पन्नास लिटर पाणी शेणात ओतायचं म्हणजे घरात वाद होणार.

आता गॅस. एक घनमीटर गोबर गॅस साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. रोजच्या दोन घनमीटरचे महिन्याला २६ किलो, म्हणजे पावणेदोन सिलिंडरांहून थोडं अधिक. कागदावर हा आकडा छान दिसतो. पण घरात महिन्याला एकच सिलिंडर संपत असेल, तर बचतही एकाचीच. उरलेला गॅस बाटलीत भरून विकता येत नाही. सिलिंडर साडेआठशेचा धरला तर वर्षाला दहा हजार वाचतात. संयंत्राचा खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरसाठी सर्वसाधारण गटाला १४,३५० रुपये अनुदान ठरलं होतं. ते मिळालं तरी उरलेली रक्कम फिटायला तीन-चार वर्षं लागतात. आणि जे घर सरपण रानातून फुकट आणतं, त्याच्या खिशात गॅसमुळे एक रुपयाही येत नाही. त्या घरातल्या बाईच्या डोळ्यांतला धूर जातो, मोळी वाहणं वाचतं. मला हा लाभ सगळ्यांत मोठा वाटतो, पण बँकेच्या अर्जात त्याला रकाना नाही. शेण कालवण्याचं रोजचं कामही बहुधा तिच्याच वाट्याला येतं आणि तेही हिशेबात धरलं जात नाही.

टाकीच्या दुसऱ्या तोंडातून येणाऱ्या स्लरीलाही मोल आहे. पन्नास किलो शेणात कोरडा भाग दहा किलोच्या आत-बाहेर. त्यातला पाऊण भाग पचून बाहेर पडतो. वर्षाचा कोरडा माल अडीच टनांच्या पुढे जातो. त्यात दीड टक्का नत्र धरलं तरी दोन पोती युरियाइतकं नत्र होतं. ४५ किलोचं पोतं मात्र शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं! अनुदानाच्या या भावाने स्लरीची किंमत पाच-सहाशे रुपये ठरते, म्हणून ती कोणी मोजत नाही. जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब त्या पोत्यात नसतो, हे मात्र विसरलं जातं.

सिरसीचे सुपारी बागायतदार ते विसरले नाहीत. हुबळीपासून शंभरेक किलोमीटरवरच्या या तालुक्यात बागेला शेणखत लागतंच, गुरं गोठ्यात असतात आणि हातात रोख पैसा असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथली संयंत्रं व्यवस्थित चालू आढळली. संयंत्र बांधून देणारे स्थानिक व्यावसायिक चालण्याची हमी देत, पुढची दुरुस्तीही करत. इतर ठिकाणी बंद पडलेल्या, गंजलेल्या टाक्यांशेजारी हे ठेवून पाहिलं की फरक कळतो: अनुदान बांधायला मिळतं, चालवायला कोणी येत नाही.

धारवाड शहरातल्या गवळ्यांचं कोडं वेगळं आहे. पेढ्याच्या दुधासाठी नावाजलेली धारवाडी म्हैस आता नोंदणीकृत जात आहे. या गोठ्यांत म्हशी दावणीलाच असतात, शेण भरपूर. पण गवळ्याला शेत नाही. नव्वद टक्के पाणी असलेली स्लरी टँकरने वाहायची तर भाडंच खताला खाऊन टाकतं. इथे वैयक्तिक अनुदानाचा उपयोग थोडा. महापालिकेने चार-सहा गोठ्यांमागे एक सामायिक संयंत्र आणि स्लरी गाळून वाळवायची जागा द्यावी, आणि वाळलेलं खत जवळच्या शेतकऱ्यांनी ठरल्या भावाने उचलावं, असा करार व्हायला हवा. त्याशिवाय ही संयंत्रं टिकणार नाहीत.

शेतकरी वाचकांना एक विनंती: अर्ज भरण्याआधी आठवडाभर रोज गोठ्यातलं शेण वजन करून लिहून ठेवा, आणि घरात सिलिंडर किती दिवस पुरतो तेही. त्या दोन आकड्यांवरून संयंत्राची जी दोन मापं निघतील, त्यांतल्या लहान मापाचंच बांधा.