इकोच्या कागदावरील आकडे

रेल्वे स्थानकाचा जिना चढताना दोनदा थांबावे लागते, असे सांगणारे साठी-सत्तरीचे रुग्ण अंधेरी-घाटकोपरकडे पुष्कळ भेटतात. 'वय झाले, डॉक्टर' हे निदानही त्यांनी स्वतःच करून आणलेले असते. यांपैकी काहींच्या छातीला स्टेथॉस्कोप लावला की उजवीकडे वरच्या बाजूस खरखरीत आवाज ऐकू येतो. मग टू-डी इको करावा लागतो. कागदाची शेवटची ओळ वाचली जाते आणि तो कपाटात जातो. वास्तविक रुग्णाचे पुढे काय होणार, याचा अंदाज त्यातील चार आकड्यांवरून येतो.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते, तिला एऑर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. उतारवयात पाकळ्यांवर कॅल्शियम साठून त्या ताठरतात. शंभरात एक-दोघांना जन्मतः दोनच पाकळ्या असतात, त्यांची झडप लवकर बिघडते. लहानपणीच्या सांधेज्वरानेही ती आक्रसते. ऑगस्ट २०१४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एशियन हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये लालूप्रसाद यादव यांची जी झडप बदलली, ती हीच.

बागेतील नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते. अरुंद झडपेतून रक्तही तसेच उडते आणि ध्वनिलहरींनी त्याचा वेग मोजता येतो. निरोगी माणसात तो सेकंदाला साधारण एक ते दीड मीटर असतो. तो ४ मीटरवर गेला, झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील सरासरी फरक ४० मिलिमीटरवर पोचला, किंवा एरवी तीन-चार चौरस सेंटिमीटरचे दार एकपर्यंत आक्रसले, तर विकार तीव्र समजतात. चौथा आकडा 'ई.एफ.'चा, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलतो त्याचा. विकार तीव्र असून हा आकडा ५० च्या खाली गेला, तर त्रास नसला तरी झडप बदलावी लागते.

मात्र एकाच आकड्यावर विसंबू नये. थकलेल्या कप्प्यात जोरच उरत नाही, त्यामुळे वेग कमी दिसतो आणि आजार सौम्य भासतो. झडप अरुंद ती अरुंदच! शिवाय हा वेग सर्वसाधारणपणे वर्षाला ०.३ मीटरने वाढतो. एखाद्याचा याहून झपाट्याने वाढत असेल, तर ते जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसे? सौम्य विकारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यम विकारात एक-दोन वर्षांनी आणि तीव्र विकारात सहा महिने ते वर्षाने इको पुन्हा करतात.

श्रमाने धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे ही लक्षणे फार महत्त्वाची. ती सुरू झाल्यावर शस्त्रक्रियेविना सरासरी दोन ते पाच वर्षेच हाती असतात, हे रॉस व ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ सालीच मांडले होते. पण आपली माणसे हळूच सरकत्या जिन्याकडे वळतात, बाजारहाट मुलावर सोपवतात आणि विचारल्यावर 'काही त्रास नाही' म्हणतात. तेव्हा घरच्यांनाही विचारावे लागते.

या झडपेला मोकळे करणारे औषध नाही. ती बदलणे हाच उपाय. २००२ साली फ्रान्समध्ये अॅलन क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नवी झडप प्रथम बसवली. आता ही सोय मुंबईतही आहे. खर्च बराच येतो, पण 'या वयात ऑपरेशन कसले' म्हणून वृद्धांनी तपासणीच टाळू नये. डॉक्टरांकडे जाताना मागील सर्व इको बरोबर न्यावेत.